अजिंठ्याचें तारूं, खानदेशचा माल आणि शिडाच्या वाहतुकीचें पुनरुज्जीवन

(१)

खानदेशास समुद्र नाहीं. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मध्यें पसरलेल्या या प्रांताचें जहाजांशीं नातें तें काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखाचें नांव वाचून कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर भूगोलच देतो. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याशीं वाहणारी वाघूर नदी उत्तरेस जळगांव जिल्ह्यांत उतरते व तापीस मिळते; तापी पश्चिमेस सुरतेच्या खालीं समुद्रास मिळते. भारतीय तारवाचें एक अतिशय प्रसिद्ध प्राचीन चित्र ज्या घळींत रंगविलें गेलें, तिचें पाणी खानदेशांतूनच समुद्राकडे जातें. खानदेशचा मालही शेंकडों वर्षें त्याच दिशेनें गेला.

या विषयाकडे वळण्यास अलीकडील एक घटना कारण झाली आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून काढलेल्या आराखड्याप्रमाणें, फळ्या काथ्याच्या दोरीनें शिवून बांधलेलें व यंत्र नसलेलें 'कौंडिण्य' नांवाचें जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजीं पोरबंदराहून निघालें व १४ जानेवारी २०२६ रोजीं मस्कत बंदरीं पोंचलें. शके १९४७ च्या पौषांत तें निघालें, आणि पौष सरण्यापूर्वीं पोंचलें. युरोपांतही गेल्या कांहीं वर्षांत शिडाच्या जहाजांनीं माल नेण्याचा व्यवसाय नव्यानें सुरू झाला आहे. या दोन्ही वार्ता एकत्र वाचल्या म्हणजे शिडाचें युग परत आलें असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु जहाज पुन्हां बांधणें ही एक गोष्ट, आणि शिडानें माल वाहण्याचा व्यवहार पुन्हां उभा करणें ही दुसरी. पहिलीस चित्र व कारागिराचा हात पुरतो. दुसरीस योग्य माल, वाऱ्याचा हंगाम, बंदरापर्यंतचा खुष्कीचा रस्ता आणि जोखमीचा हिशेब हीं चारही लागतात. या चारांविषयींचा पुरावा लेण्यांच्या भिंतींवर अल्प आहे. तो व्यापाऱ्यांच्या दप्तरांत शोधला पाहिजे. हें दाखविणें हाच या लेखाचा उद्देश होय.

(२)

प्रथम चित्राचा विचार करूं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत पूर्णावदानाची कथा रंगविलेली आहे. पूर्ण हा शूर्पारक, म्हणजे हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील सोपारें, येथील व्यापारी. तो वारंवार समुद्रपर्यटन करतो, द्रव्य मिळवितो, आणि पुढें प्रव्रज्या घेतो. त्याचा भाऊ इतर व्यापाऱ्यांसह चंदनाच्या बेटास जातो. तेथील यक्ष कोपून वादळ उठवितो. भावाचा धांवा ऐकून पूर्ण सर्वांचें रक्षण करतो. संकटांतून सुटलेल्या त्या चंदनाचा पुढें बुद्धाकरितां प्रासाद बांधला जातो. कथा धर्माची खरी, परंतु तिचा सारा सांगाडा मालवाहतुकीचा आहे.

चित्रांतील तारवाची नाळ व पिछाडी दोन्ही उंच आहेत. तीन उभ्या डोलकाठ्या असून त्यांवर उंच, अरुंद शिडें आहेत. नाळेपाशीं आणखी एक शीड वाऱ्यानें फुगलेलें आहे. नाळेवर डोळा रंगविला आहे. मागील बाजूस सुकाणूंचें काम करणारीं मोठीं वल्हीं दिसतात, आणि छताखालीं रांजण ओळीनें मांडलेले आहेत. संशोधकांनीं शिडांची चर्चा पुष्कळ केली, रांजणांची थोडी केली. तथापि चित्रकारानें माल विसरूं दिला नाहीं ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तीन शिडांचें तारूं ज्यासाठीं समुद्रांत लोटलें जातें तो माल त्यानें डोळ्यांसमोर ठेवला आहे.

या चित्राचें ज्ञान बहुतेकांस मूळ भिंतीवरून झालें नाहीं, नकलांवरून झालें; आणि नकलांचा इतिहास दुःखद आहे. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकीं बहुतेक १८६६ मध्यें लंडनजवळील स्फटिकप्रासादास लागलेल्या आगींत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ पर्यंत नव्या नकला करविल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ मध्यें लंडन येथेंच पुन्हां आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि राधाकुमुद मुकर्जी यांनीं १९१२ मध्यें भारतीय नौकानयनावर ग्रंथ लिहिला तेव्हां अजिंठ्याच्या तारवास त्यांत स्थान मिळालें. दोन आगींतून वांचलेली रेषा एकविसाव्या शतकांतील सुतारापर्यंत पोंचली, हें आपलें भाग्य समजावें.

(३)

अजिंठ्याच्या तारवांशीं खानदेशाचा संबंध केवळ नदीचा आहे असें नाहीं. सतराव्या लेण्यांत सिंहलावदानाचें मोठें चित्र आहे. त्यांत व्यापाऱ्यांचें फुटणारें जहाज आहे, आणि हत्तीघोडे घेऊन बेटावर उतरणारें सैन्यही आहे. हें लेणें कोणीं कोरविलें? तेथील शिलालेखांत वाकाटक सम्राट हरिषेण याच्या एका मांडलिक राजवंशाची परंपरा दिली आहे. राजाचा धाकटा भाऊ रविसांब अकालीं मरण पावला. त्या शोकानें राजाचें मन दानधर्माकडे वळलें, असें लेख सांगतो. हा वंश ऋषीक देशाचा, आणि ऋषीक म्हणजे खानदेश, असें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं प्रतिपादिलें. देशाचें नांव लेखांत टिकलेलें नाहीं, म्हणून मिराशींचें मत अनुमानाच्या कोटींतच ठेविलें पाहिजे. पण तें अनुमान सबळ आहे, आणि पुढील अभ्यासकांनीं तें बव्हंशीं स्वीकारलें आहे.

हें मत मान्य केल्यास पांचव्या शतकांत खानदेशच्या राजानें आपल्या द्रव्यानें समुद्रकथा रंगवून घेतली असें ठरतें. समुद्रापासून दूरच्या राजास समुद्राची एवढी ओढ कां असावी? घाटांतून उतरणाऱ्या व्यापारी मार्गांवर जकात घेणाऱ्यास बंदराचें महत्त्व सांगावें लागत नाहीं, एवढें उत्तर आम्हांस पुरेसें वाटतें. भडोच, सोपारें, कल्याण या बंदरांचा माल देशावर चढावयाचा तर डोंगरांतील वाटांवांचून गत्यंतर नव्हतें, आणि त्यांपैकीं कांहीं वाटा याच प्रदेशांतून जात.

(४)

आतां नव्या जहाजाकडे वळूं. भारत सरकारचें संस्कृति मंत्रालय, नौदल आणि गोव्यांतील एक जहाजबांधणी संस्था यांच्यांत जुलै २०२३ मध्यें करार झाला, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत पठाण घातलें गेलें. केरळांतील कारागीर बाबू शंकरन् यांच्या हाताखालील मंडळींनीं हजारों टांके घालून फळ्या शिवल्या. सांधे नारळाच्या काथ्यानें व राळेनें बंद केले. फेब्रुवारी २०२५ मध्यें जहाज पाण्यांत सोडलें, व २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें तें नौदलांत दाखल झालें. लांबी सुमारें वीस मीटर, शिडें चौकोनी, सुकाणूंऐवजीं वल्हीं. नांव ठेवलें तें हिंदी महासागर ओलांडून आग्नेय आशियांत गेलेल्या दंतकथेंतील कौंडिण्याचें.

संशोधकांनीं येथें एक विवेक राखला पाहिजे. भिंतीवरील चित्रास लांबी व उंची असते, खोली नसते. पाण्याखालील तारवाचा आकार कसा होता, तळांत भार किती असे, डोलकाठ्यांवर वाऱ्याचा ताण किती पडे, हें चित्र सांगत नाहीं. म्हणून नौदलाच्या तज्ज्ञांस आराखडा काढावा लागला, व मद्रासच्या तंत्रविज्ञान संस्थेंत लहान प्रतिकृतीची पाण्यांत परीक्षा घ्यावी लागली. फळ्या शिवण्याची रीत तर चित्रावरून सिद्ध होतच नाहीं. ती जुन्या प्रवासवृत्तांवरून आणि मलबारांत जिवंत राहिलेल्या परंपरेवरून आली आहे. पहिल्या शतकांतील ग्रीक 'पेरिप्लस' ग्रंथांत शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. मार्को पोलो यानें होर्मुज बंदरीं तशीं जहाजें पाहून त्यांची निंदा केली. आणि इंडोनेशियांतील बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्यें सांपडलेलें नवव्या शतकांतील फुटकें जहाजही शिवलेलेंच निघालें. त्या जहाजांत चिनी मातीच्या हजारों वस्तु होत्या. शिवलेलें तारूं अवजड माल घेऊन दूर जाऊं शकतें याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

म्हणजे 'कौंडिण्य' जहाजांत तीन प्रकारचीं साधनें एकत्र झालीं आहेत: चित्राचा आकार, ग्रंथांतरींचे उल्लेख, आणि कारागिराची विद्या. जेथें तिन्ही मौन धरतात तेथें आधुनिक गणितानें जागा भरली आहे. हें जहाज अजिंठ्याच्या तारवाची नक्कल आहे असें म्हणूं नये. तसें तारूं समुद्रांत टिकणें शक्य होतें याची तें सिद्धता आहे, असें म्हणावें. नाणेंसंग्राहक ज्याप्रमाणें मूळ नाणें व साच्यावरून पाडलेलें नाणें वेगळें ठेवतो, त्याचप्रमाणें हेंही ठेवलें पाहिजे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें जहाज मालाच्या भाड्यावर चाललेलें नाहीं. त्याच्या खलाशांचा खर्च रांजणांतल्या मालानें भागवावयाचा नव्हता. व्यापाराचा प्रश्न त्यानें सोडविलेला नाहीं, आणि तो सोडविण्याकरितां तें बांधलेंही नव्हतें.

(५)

तो प्रश्न युरोपांतील कांहीं व्यापाऱ्यांनीं हातीं घेतला. हॉलंडमधील 'त्रेस ओंब्रेस' हें यंत्ररहित जहाज २००९ पासून सुमारें पस्तीस टन माल घेऊन अटलांटिक ओलांडूं लागलें. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतांतील 'ग्रेन द सेल' या मंडळीनें २०२० मध्यें आपलें पहिलें मालवाहू शिडाचें जहाज न्यूयॉर्ककडे धाडलें. ऑगस्ट २०२४ मध्यें 'आनेमोस' हें एक्यायशीं मीटर लांबीचें, सुमारें हजार टन मालाचें जहाज ल हाव्र बंदराहून न्यूयॉर्कास निघालें. खनिज तेल जाळून चालणाऱ्या जहाजांच्या धुरानें हवामान बिघडतें, आणि २०२३ मध्यें आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें तो धूर सन २०५० च्या सुमारास निःशेष करण्याचें ध्येय ठरविलें, हें या उद्योगाचें एक कारण.

परंतु या जहाजांनीं नेलें काय? द्राक्षासव, रम, कोको, कॉफी. गहूं, कोळसा, लोखंड यांस त्यांनीं हात लावला नाहीं. थोड्या वजनांत पुष्कळ मोल असणारा, उशीर सोसणारा, आणि 'वाऱ्यानें आणला' या नांवासाठीं गिऱ्हाईक चार पैसे अधिक देईल असा माल त्यांनीं निवडला. चित्रांतील रांजण आणि कथेंतील चंदन यांची येथें आठवण होते. शिडाचा व्यापार टिकतो तो मालाच्या निवडीवर, हा नियम पूर्णाच्या वेळींही होता व आजही आहे.

(६)

खानदेशचा जुना व्यापार या कसोटीस लावून पाहूं. तापी खानदेशांतून वाहते, पण तिचे कांठ उंच व पात्र जागोजाग खडकाळ. तिच्यांतून गलबतें कधीं चाललीं नाहींत. सुरतेपर्यंत माल न्यावयाचा तो बैलांच्या पाठीवरून. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये यानें सुरतेहून बऱ्हाणपुरास जाण्याचे मुक्काम दिले आहेत: नवापूर, नंदुरबार, सिंदखेडें, थाळनेर, चोपडें, सांकळी, रावेर. हे आजही धुळें, नंदुरबार व जळगांव जिल्ह्यांच्या नकाशावर बोट ठेवून दाखवितां येतात. नवापूरच्या तांदुळास कस्तुरीसारखा सुवास येतो असें त्यानें लिहिलें आहे. बऱ्हाणपुरास विणलेली तलम मलमल इराण, तुर्कस्थान, अरबस्तान, कैरो, इतकेंच नव्हे तर रशिया व पोलंड येथपर्यंत जाई असेंही तो सांगतो. ही मलमल म्हणजे थोड्या वजनांत पुष्कळ मोल या जातीचा माल होय.

टॅव्हर्निये याच्या मतें एक बैल तीनशें ते साडेतीनशें फ्रेंच रत्तल वजन नेई. आजच्या मापानें सुमारें १४७ ते १७१ किलो. १६३० ते १६३३ या काळांत सुरतेहून आग्र्यास जाऊन परतलेल्या पीटर मंडी या इंग्रजानें चौदा हजार धान्यलादू बैलांचा एक तांडा पाहिल्याचें लिहून ठेवलें आहे. दोन्ही आंकडे जुळविले तर त्या एका तांड्याचें ओझें दोन हजार ते चोवीसशें टन भरतें. 'आनेमोस' जहाजाच्या दोन खेपांहून तें कमी नाहीं. उलट 'त्रेस ओंब्रेस'चा सारा माल दोनशें ते अडीचशें बैलांनीं सहज उचलला असता. या गणिताचें तात्पर्य असें कीं, शिडाची शक्ति व बैलाची शक्ति या एकमेकींस जोडलेल्या होत्या. सुवाळीच्या नांगरवाड्यांत उभ्या असलेल्या जहाजास वारा अनुकूल असूनही तांडा आला नाहीं तर तें रिकामें राही. समुद्राचा इतिहास लिहिणारे नांगरवाड्यापाशीं थांबतात व वंजाऱ्यांचा इतिहास लिहिणारे सुरतेच्या वेशीपाशीं थांबतात. व्यापार मात्र दोन्ही ठिकाणीं न थांबतां चालत असे.

(७)

हंगामाचाही मेळ होता. नारळी पौर्णिमेनंतर कोंकण व गुजराथचा किनारा पुन्हां खुला होई आणि पुढील पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गलबतें चालत. खानदेशांत कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेंमागें सुरू होई. म्हणजे रान सुकून वाटा चालत्या होत, कापूस हातीं येई, आणि समुद्र निवळे, या तिन्ही गोष्टी एकाच काळीं घडत. पौषांत ईशान्येचा वारा अरबस्तानाकडे नेतो. 'कौंडिण्य' जहाजही त्याच ऋतूंत निघालें. हा मेळ कोणीं ठरविलेला नव्हता, पण सराफाचें देणें, शेतकऱ्याचा वायदा व नाखव्याचा मुहूर्त हे सारे त्यावर बसविलेले होते.

हा मेळ मोडला तो क्रमाक्रमानें. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढें मुंबई-आग्रा सडक धुळ्यावरून चालू झाली व कापसाच्या गाड्या थळ घाटानें उतरून भिवंडी-कल्याणच्या खाडीकडे जाऊं लागल्या. तेथून मुंबईपर्यंत पुन्हां शिडाचीच होडी होती. १८६० नंतरच्या दशकांत लोहमार्ग जळगांव-भुसावळास आला, आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें कापसाचा भाव चढविला. १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला. तांबड्या समुद्रांतील वारे शिडास प्रतिकूल, म्हणून कालव्याचा लाभ आगबोटीस झाला. शतकाच्या अखेरीस सुरत-अमळनेर लोहमार्ग जुन्या तांड्यांच्या वाटेनेंच आला. किनाऱ्यावर पत्तेमाऱ्या व मचवे पुढेंही बरींच वर्षें माल वाहत होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यांवर यंत्रें बसलीं. शीड वाऱ्याअभावीं गेलें नाहीं. त्याच्याभोंवतालचा मेळ गेला, म्हणून तें गेलें.

(८)

उरला जोखमीचा हिशेब. समुद्रांत माल बुडाला तर नुकसान कोणाचें, हें ठरविल्यावांचून शिडाचा व्यापार एक दिवसही चालणें शक्य नव्हतें. त्यासाठीं आपल्याकडे 'जोखमी हुंडी' ही अत्यंत चतुर योजना होती. माल चढविणारा व्यापारी, ज्याच्याकडे माल जावयाचा त्याच्यावर हुंडी लिहून ती सराफास विकी. माल सुखरूप पोंचला तर हुंडीचा पैसा देय होई. जहाज बुडालें तर हुंडी रद्द होऊन तोटा सराफाच्या अंगीं बसे. हुंडी व विमा एकाच कागदांत आले. अशा हुंडीवरील वटावाचा दर जर वर्षावर्षाचा मिळाला, तर कोणत्या महिन्यांत समुद्र किती भयंकर मानला जाई, चांचांचें भय केव्हां वाढलें, कोणत्या नाखव्यावर बाजाराचा विश्वास होता, हें सारें आंकड्यांत वाचतां येईल. अजिंठ्याचें चित्र जें सांगूं शकत नाहीं, तें चार बोटें रुंदीचा हा कागद सांगेल.

आणि असे कागद कोठें आहेत? राजशकट हांकणाऱ्यांचीं दप्तरें आपण जपलीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून पत्रें गोळा केलीं, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथेंच देह ठेवला. त्यांचा संग्रह त्यांच्या नांवाच्या मंडळानें तेथें सांभाळला. परंतु सावकारांच्या वह्या, आडत्यांच्या खतावण्या, जकातीच्या पावत्या यांची गति निराळी झाली. शिक्कामोर्तब असलेली सनद संग्राहक मोल देऊन घेतो. मोडी अथवा महाजनी लिपींतील रोजकीर्द रद्दीच्या तराजूंत जाते. वाडे पडतात, भाऊ वेगळे होतात, आणि दोनशें वर्षांचा हिशेब एका दुपारीं पुडी बांधण्याच्या कामीं येतो. अजिंठ्याच्या नकला आगीनें नेल्या. या वह्या आपण आपल्या हातानें देत आहों.

म्हणून आमची संग्राहक व दप्तरधारक मंडळींस विनंति आहे. नंदुरबार, शिरपूर, दोंडाईचें, अमळनेर, चोपडें, यावल, रावेर, फैजपूर या गांवांतील जुन्या पेढ्यांचीं दप्तरें ज्यांच्या स्वाधीन असतील त्यांनीं तीं एकवार चाळावीं. 'गलबत', 'नाखवा', 'तांडेल', 'जोखमी', 'सुरत बंदर', 'भडोच' हे शब्द जेथें आढळतील तेथें खूण ठेवावी. तिथि, मालाचें वजन, बैलांची संख्या, भाडें व वटाव एवढ्या पांच गोष्टी उतरून घेतल्या तरी पुरे. मूळ कागद धन्यानें आपल्याच घरीं ठेवावा. छायाचित्र मात्र घेऊन एखाद्या मंडळाकडे द्यावें. भाषा व्यापाऱ्याची म्हणून ती हलकी समजूं नये.

शिडाचें तारूं पुन्हां बांधतां येतें हें आतां सिद्ध झालें आहे. त्यांत काय भरावें, केव्हां हांकारावें, बंदरापर्यंत माल कोणीं आणावा आणि बुडाल्यास कोणीं सोसावें, या प्रश्नांचीं उत्तरें आपल्या पूर्वजांनीं दरवर्षीं दिवाळीला नवी वही घालून लिहून ठेवलीं होतीं. ज्यांस हा व्यवहार नव्यानें उभारावयाचा आहे त्यांस त्या वह्या उपयोगीं पडतील, आणि इतिहासास तर त्यांची गरज आहेच. त्या पुढील पावसाळ्यांत भिजण्यापूर्वीं उघडाव्या, एवढेंच आमचें मागणें आहे.